बॉक्सवर १२०० वॅट, स्पीकरला मिळतात किती? कमी बजेटमध्ये कारसाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडताना हे माहीत हवंच

नवीन किंवा सेकंडहँड गाडी घेतली की पहिले पंधरा दिवस मायलेजची चर्चा होते आणि सोळाव्या दिवशी म्युझिक सिस्टीमची. कंपनीचा स्टिरिओ आवाज वाढवला की फाटतो, बेस तर लागतच नाही. मग रविवारी कार डेकोरचं दुकान गाठलं जातं. काउंटरवर चकचकीत बॉक्स येतो. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ‘१२०० वॅट’. किंमत बजेटमध्ये बसते, गिऱ्हाईक खूश होतं आणि तासाभरात अ‍ॅम्प सीटखाली बसतो.

महिन्याभरात मात्र तक्रारी सुरू होतात. अ‍ॅम्प तापून बंद पडतो. इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून ‘कुंईऽऽ’ असा आवाज येतो. एखाद्याचा ट्विटर जळतो, तर एखाद्याच्या गाडीत वायर वितळल्याचा वास येतो.

यात दोष नशिबाचा नसतो. बहुतेक वेळा बॉक्सवरचा आकडा वाचण्यात आणि वायरवर पैसे वाचवण्यात घोळ झालेला असतो. हे दोन्ही टाळता येतं, तेही खिशाला फार चाट न लावता.

अ‍ॅम्प नेमका करतो काय?

मोबाईल किंवा स्टिरिओमधून निघणारा गाण्याचा सिग्नल अगदी दुबळा असतो. स्पीकरचा पडदा हलवायचा तर त्याला ताकद द्यावी लागते. ते काम अ‍ॅम्प्लिफायर करतो. तो गाडीच्या बॅटरीतून वीज घेतो आणि सिग्नलच्या चालीवर ती स्पीकरला पुरवतो.

म्हणजे कंपनीच्या स्टिरिओमध्येही एक छोटा अ‍ॅम्प असतोच. त्यावर बऱ्याचदा ‘५० वॅट × ४’ असं छापलेलं असतं. हे ५० येतात कुठून ते पाहण्यासारखं आहे.

इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि कारचा स्पीकर सहसा ४ ओहमचा असतो. व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागलं की वॅट मिळतात. १४.४ गुणिले १४.४ भागिले ४, म्हणजे साधारण ५२ वॅट. पण हा आकडा कधी खरा ठरेल? स्टिरिओ सगळे व्होल्ट सतत स्पीकरवर ओतत राहिला तर, आणि तसं झालं तर गाणं ऐकू येणार नाही, नुसता खरखराट येईल. स्वच्छ आवाजासाठी याच गणितातून जास्तीत जास्त २६ वॅट निघतात. आतल्या सर्किटचं नुकसान वजा केलं की हातात उरतात १५ ते २० वॅट.

स्टिरिओ आवाज वाढवल्यावर फाटतो तो यामुळे. त्याच्याकडे देण्यासारखी ताकद संपलेली असते.

आरएमएस: बॉक्सवरचा एकमेव कामाचा आकडा

‘मॅक्स पॉवर’, ‘पीक पॉवर’, ‘पीएमपीओ’ ही सगळी नावं जाहिरातीच्या उपयोगाची. अ‍ॅम्प क्षणभरासाठी किती उसळी मारू शकेल, एवढंच ती सांगतात आणि कधी कधी तेही खरं नसतं. सतत, न फाटता किती ताकद मिळेल ते सांगणारा आकडा म्हणजे ‘आरएमएस’. खरेदी करताना तेवढाच पाहायचा.

हाच गोंधळ थांबवण्यासाठी अमेरिकेत २००३ साली ‘सीईए-२००६’ नावाचं मानक आलं. १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भारावर आणि एक टक्क्यापेक्षा जास्त विकृती न येता जेवढे वॅट मिळतील तेवढेच छापायचे, असा त्याचा साधा अर्थ. पुढे ती संस्था सीटीए झाली, त्यामुळे आता हेच मानक ‘सीटीए-२००६’ नावाने दिसतं. बॉक्सवर किंवा माहितीपत्रकात हा शिक्का असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. ही सक्ती नसल्यामुळे शिक्का नसलेला प्रत्येक अ‍ॅम्प खोटा असतो असं मात्र नाही.

शिक्का नसेल तर दुकानात उभ्या उभ्या करता येणारी एक तपासणी आहे. अ‍ॅम्पच्या बाजूला लावलेला फ्यूज बघायचा.

समजा ‘१२०० वॅट’च्या अ‍ॅम्पवर २० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत. म्हणजे सततचे ४० अँपिअर धरायचे. ४० गुणिले १४.४ म्हणजे ५७६ वॅट. ही झाली अ‍ॅम्पच्या आत जाणारी वीज. यातली काही उष्णता होऊन वाया जाते. ‘क्लास एबी’ प्रकारच्या अ‍ॅम्पमध्ये साधारण निम्मी, ‘क्लास डी’मध्ये साधारण पाचवा हिस्सा. म्हणजे पहिल्यातून सगळे चॅनेल मिळून २९० च्या आसपास आणि दुसऱ्यातून ४६० च्या आसपास वॅट बाहेर पडतील.

जो अ‍ॅम्प सतत ५७६ वॅटपेक्षा जास्त आत घेऊ शकत नाही, तो १२०० वॅट बाहेर देणार कसे? नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसला हा प्रकार. हा हिशोब ढोबळ आहे, पण थाप पकडायला पुरेसा आहे.

वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट? नाही

बजेट वाचवायचं तर ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ही वाढ जाणवते, पण थोडीच. आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. त्यामुळे चॅनेलमागे ५० वॅटचा अ‍ॅम्प आणि ६० वॅटचा अ‍ॅम्प यांत कानाला फरक कळणार नाही. त्या दहा वॅटसाठी दोन हजार जास्त मोजण्यात अर्थ नाही.

उलट स्पीकरच्या माहितीत ‘सेन्सिटिव्हिटी’ नावाचा एक आकडा असतो, ८७ डेसिबल, ९० डेसिबल असा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो, ते हा आकडा सांगतो. ९० डेसिबलचा स्पीकर ५० वॅटवर जेवढा वाजेल, तेवढं वाजायला ८७ डेसिबलच्या स्पीकरला १०० वॅट लागतील. थोडक्यात, जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर निवडला की अ‍ॅम्पवरचा खर्च आपोआप कमी होतो. एकच अट आहे, दोन्ही कंपन्यांनी हा आकडा एकाच पद्धतीने मोजलेला हवा.

मग स्टिरिओच्या १८ वॅटवरून अ‍ॅम्पच्या ५० वॅटवर जाऊन काय मिळतं? नुसत्या मोजमापात चार-साडेचार डेसिबल. खरा फायदा वेगळाच असतो. ढोलकीची थाप, तबल्याचा ठेका असे अचानक जोर लावणारे आवाज न फाटता येतात. हायवेवर टायर आणि वाऱ्याच्या आवाजातही शब्द स्पष्ट ऐकू येतात.

स्पीकर आणि अ‍ॅम्पची जोडी कशी जुळवायची?

इथे दोनच पथ्यं पाळायची.

पहिलं पथ्य वॅटचं. स्पीकरचा आरएमएस ६० असेल तर ५० ते ७५ वॅट आरएमएस देणारा अ‍ॅम्प योग्य. ‘कमी वॅटचा अ‍ॅम्प घेतला की स्पीकर सुरक्षित’ हा गैरसमज आहे. छोटा अ‍ॅम्प ताणून वाजवला की सिग्नलच्या लाटेचे शेंडे कापले जातात. याला ‘क्लिपिंग’ म्हणतात. अशा सिग्नलमध्ये वरच्या पट्टीतली ऊर्जा वाढते आणि नाजूक ट्विटर तापून जळतो. थोडा मोठा अ‍ॅम्प शहाणपणाने वाजवणं हे छोटा अ‍ॅम्प पिळून काढण्यापेक्षा बरं.

दुसरं पथ्य ओहमचं. अ‍ॅम्प कमीत कमी किती ओहमवर चालतो हे त्याच्या माहितीत दिलेलं असतं. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडले, की भार २ ओहम होतो. एकामागे एक जोडले की ८ ओहम. ओहम जितके कमी तितका अ‍ॅम्पवर ताण जास्त. अ‍ॅम्पच्या मर्यादेखाली गेलं की तो एक तर स्वतःहून बंद पडतो किंवा कायमचा जातो.

किती चॅनेलचा घ्यावा?

मोनो अ‍ॅम्प फक्त सबवूफरसाठी असतो. टू-चॅनेलवर पुढचे दोन दरवाजे चालतात. फोर-चॅनेलवर चारही दरवाजे चालतात. फाइव्ह-चॅनेलमध्ये चार दरवाजे आणि सबवूफर अशी सगळी सोय असते, पण तो महाग.

कमी बजेटमध्ये सगळ्यात उपयोगी पडतो तो फोर-चॅनेल. त्याचे पुढचे दोन चॅनेल पुढच्या दरवाजांना द्यायचे. मागचे दोन चॅनेल ‘ब्रिज’ करून, म्हणजे एकत्र जोडून, एका छोट्या सबवूफरला द्यायचे. मागच्या दरवाजांचे स्पीकर स्टिरिओवरच चालू द्यायचे. गाडीत बहुतेक वेळ पुढेच माणसं बसलेली असतात, त्यामुळे मागच्या स्पीकरवर केलेला खर्च सगळ्यात कमी ऐकू येतो.

आज सबवूफरला पैसे नसतील तरी चालेल. अ‍ॅम्प तोच राहतो आणि सहा महिन्यांनी सबवूफर जोडता येतो.

ब्रिज करताना एक सावधगिरी हवी. बहुतेक फोर-चॅनेल अ‍ॅम्प ब्रिज केल्यावर ४ ओहमच्या खाली चालत नाहीत, मग एकेक चॅनेल २ ओहमवर चालत असला तरी. म्हणून सबवूफर ४ ओहमचा हवा. दोन कॉइलचा घेतला तर २ अधिक २ ओहमवाला घेऊन कॉइल एकामागे एक जोडायच्या, म्हणजे ४ ओहम होतात. ४ अधिक ४ वाला घेतला तर जुळणी २ किंवा ८ ओहमचीच होते आणि गणित बिघडतं.

एबी की डी?

आवाजाच्या दर्जावरून यावर खूप वाद होतात. बजेटमध्ये निर्णय मात्र उष्णतेवर घ्यावा. क्लास डी अ‍ॅम्प आकाराने लहान असतो, कमी वीज खातो आणि कमी तापतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत, सीटखाली, हवा न मिळणाऱ्या जागी अ‍ॅम्प ठेवायचा असेल तर याचं महत्त्व कळतं. क्लास एबी चांगला मिळाला तर जरूर घ्यावा, पण त्याला मोकळी जागा आणि जाड वायर द्यावी लागते.

कंपनीचा स्टिरिओ ठेवायचाय?

हल्लीच्या गाड्यांमध्ये टचस्क्रीन डॅशबोर्डमध्येच बसवलेली असते. कॅमेरा आणि स्टिअरिंगची बटणंही त्याच्याशी जोडलेली असतात. ती काढून टाकणं परवडत नाही. अशा वेळी अ‍ॅम्पला ‘हाय-लेव्हल इनपुट’ आहे का ते पाहावं. म्हणजे स्टिरिओच्या स्पीकर वायरमधूनच सिग्नल घेता येतो, आरसीए पिनची गरज उरत नाही.

अशी जोडणी कंपनीच्या वायरी कापून करू नये. बहुतेक गाड्यांसाठी तयार कपलर मिळतात. वायर कापली आणि पुढे गाडीच्या इलेक्ट्रिकल भागात बिघाड झाला, तर वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. विम्याचंही तसंच. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंची पॉलिसीत वेगळी नोंद करून जादा प्रीमियम भरावा लागतो. ती केलेली नसेल तर चोरी किंवा अपघातात त्यांची भरपाई मिळत नाही. बिल जपून ठेवावं आणि विमा कंपनीला कळवावं.

पैसे इथे वाचवू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. अ‍ॅम्प वाईट निघाला तर आवाज वाईट येतो. वायर वाईट निघाली तर गाडी पेटू शकते.

बॅटरीतून थेट येणाऱ्या वायरमध्ये प्रचंड करंट वाहू शकतो. ती वायर कुठे पत्र्याला घासून सोलली गेली तर शॉर्टसर्किट होतं आणि क्षणात लालबुंद होऊन ती आजूबाजूचं कार्पेट पेटवते. म्हणून ही कामं आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावीत:

• बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा. अ‍ॅम्पवरचा फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो, हा फ्यूज वायरला आणि गाडीला वाचवतो. एक असला म्हणून दुसरा टाळता येत नाही.

• बॉनेटमधून केबिनमध्ये वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवं. उघड्या पत्र्याच्या भोकातून वायर ओढू देऊ नये.

• वायर शुद्ध तांब्याची आहे का ते पाहावं. स्वस्त किटमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली ‘सीसीए’ वायर असते. टोक खरवडलं की आतून चंदेरी रंग दिसतो, पण तांब्याला कथिलाचा मुलामा असला तरी वरून चंदेरी दिसतं, म्हणून तार कापून आतला रंग बघावा. सीसीए घ्यावीच लागली तर एक माप जाड घ्यावी.

• छोट्या गाडीत ३०-३५ अँपिअरपर्यंत ८ गेजची तांब्याची वायर पुरते. त्यापुढे ४ गेज. गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड.

• अर्थिंगची वायर तेवढीच जाड आणि शक्य तितकी आखूड हवी. जिथे बोल्ट बसवायचा तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करावा. सीट बेल्टच्या बोल्टला अर्थिंग देऊ नये.

• पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूने न्यावी. इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी ‘कुंईऽऽ’ बहुतेक वेळा कच्च्या अर्थिंगमुळे किंवा या वायरी एकत्र नेल्यामुळे येते.

• अ‍ॅम्प थेट कार्पेटवर ठेवू नये, खाली पट्टी देऊन उचलून बसवावा. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी सीटखालीच साचतं.

बजेटची वाटणी

शंभर रुपये हातात असतील तर एक ढोबळ वाटणी अशी करता येते: अ‍ॅम्पला ४०, पुढच्या दोन स्पीकरना २५, वायर-फ्यूज-कपलरला १५, दरवाजाच्या डॅम्पिंगला १० आणि मजुरीला १०. दरवाजाच्या पत्र्यावर चिकटवायच्या डॅम्पिंग शीटला लोक फालतू खर्च समजतात. पण पत्रा थरथरायचा थांबला की त्याच स्पीकरचा बेस भरीव वाटू लागतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत फिरून सामान वेगवेगळं घेता येतं. तेव्हा फिटिंग कोण करणार आणि वॉरंटी कुणाची, हे आधी ठरवून घ्यावं. जुना अ‍ॅम्प घेत असाल तर प्रत्येक चॅनेल वाजवून बघावा, स्क्रू उघडल्याच्या खुणा आणि जळका वास तपासावा आणि अर्धा तास मोठ्या आवाजात चालवून तो बंद पडतो का ते पाहावं.

बसवल्यानंतरची दहा मिनिटं

अ‍ॅम्पवरचं ‘गेन’ बटण म्हणजे आवाजाचं बटण नाही. स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांचा मेळ घालण्यासाठी ते असतं. ते पूर्ण फिरवून ठेवणं हे स्पीकर जळण्याचं एक नेहमीचं कारण.

साध्या मल्टिमीटरने ते लावता येतं. स्पीकरच्या वायरी काढायच्या, स्टिरिओचा बेस-ट्रेबल शून्यावर आणि व्हॉल्यूम पाऊणपट ठेवायचा, १००० हर्ट्झचा टेस्ट टोन लावायचा. वॅट गुणिले ओहम करून वर्गमूळ काढायचं. ५० वॅट आणि ४ ओहमसाठी ते येतं साधारण १४ व्होल्ट. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून तेवढा आकडा दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवायचा आणि थांबायचं. सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा टोन वापरायचा. त्यानंतर दरवाजाच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या आसपास ‘एचपीएफ’ आणि सबवूफरला तेवढ्यावरच ‘एलपीएफ’ लावायचा. छोट्या स्पीकरवरचा बेसचा भार उतरला की ते मोकळेपणाने वाजतात.

इंजिन बंद ठेवून तासन् तास गाणी लावली तर बॅटरी उतरते, हेही लक्षात असू द्यावं.

आणि शेवटी कानांचं. अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास राहणं ही मर्यादा आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बंद गाडीत १०० डेसिबल गाठायला फार मोठी सिस्टीम लागत नाही. जळलेला ट्विटर दुकानात पुन्हा मिळतो. गेलेली ऐकण्याची क्षमता परत येत नाही.

म्हणून दुकानात जाताना तीन प्रश्न खिशात ठेवावेत: आरएमएस किती, कमीत कमी ओहम किती आणि बॅटरीजवळ फ्यूज कुठे बसवणार? दुकानदार या तिन्हींची सरळ उत्तरं देत असेल तर पाकीट काढायला हरकत नाही. तो पुन्हा बॉक्सवरच्या १२०० कडेच बोट दाखवत असेल, तर शेजारचं दुकान बघावं.